एका गुणाने हुकलेला मोसम

उत्तर जर्सी मराठी स्नेहमंडळाच्या अध्यक्ष आदरणीय प्रतिमाताई, ज्यांना निरोप द्यायला आज आपण सगळे इथे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. स्तेपान कोवाल, हातात घड्याळ घेऊन बसलेले आपले कार्यवाह गुरुदत्त, समोर बसलेल्या काका-काकू, मावश्या, मित्रहो, मागे बटाटेवड्यांच्या ट्रेपाशी घुटमळणारी बाळगोपाळ मंडळी, आणि तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसलेली माझी पत्नी रत्ना. आपणा सर्वांना सविनय नमस्कार.

पत्नीचा उल्लेख सहसा कुणी असा खुर्चीच्या नंबरासकट करत नाही, मला कल्पना आहे. त्याचं कारण पुढे येईलच. मिस्टर कोवाल यांच्या शेजारी बसून आमची लेक ज्ञानदा त्यांना भाषणाचं इंग्रजी करून सांगते आहे. ती सोळा वर्षांची आहे आणि तिचं मराठी माझ्या इंग्रजीपेक्षा बरं आहे. ज्ञानदा, अवघड शब्द आला तर सोडून दे. पण वाक्य सोडू नकोस.

मी कागदावर भाषण लिहून आणलं होतं. त्यात मिस्टर कोवाल यांनी गेली सात वर्षं या युक्रेनी हॉलची देखभाल कशी केली, आपल्या गणपतीसाठी स्टेजवर आरास करायला कशी परवानगी दिली, धुपाने फायर अलार्म वाजला तेव्हा फायर ब्रिगेडच्या माणसांना काय सांगितलं, असं सगळं क्रमवार होतं. तो कागद माझ्या खिशात आहे आणि तिथेच राहील. कारण पाऊण तासापूर्वी स्टेजच्या मागे एक प्रसंग घडला, आणि तेव्हापासून माझा सगळा गोंधळ उडालेला आहे.

प्रसंग शालीचा. आपल्या पद्धतीप्रमाणे शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ठरलं. शाल आणायचं काम रत्नाने घेतलं. ती एडिसनला ओक ट्री रोडवर गेली, चार दुकानं फिरली आणि एक सुंदर शाल घेऊन आली. गडद नारिंगी, आणि तिला बोटभर काळा काठ. तबकात ती शाल बघितल्याबरोबर मी म्हणालो, ही शाल यांना देता येणार नाही. प्रतिमाताई चमकल्या. गुरुदत्त म्हणाला, यार मनोहर, सहा वाजता सुरू करायचंय. आणि रत्ना म्हणाली, "अहो, तुम्हाला शालींमधलं काय कळतं?"

शालींमधलं मला काहीच कळत नाही. मला युक्रेनच्या फुटबॉल लीगमधलं थोडंसं कळतं. मिस्टर कोवाल हे कीव्ह शहरातले. त्यांचा क्लब डायनॅमो कीव्ह. डायनॅमोचा रंग पांढरा आणि निळा. त्यांचा पक्का प्रतिस्पर्धी म्हणजे शाख्तार डोनेत्स्क, खाणीतल्या कामगारांच्या गावचा संघ, आणि त्यांचे रंग नारिंगी आणि काळा. गेल्याच महिन्यात, मे महिन्यात, लीग संपली तेव्हा या दोघांचे गुण सारखे झाले. मग तिसऱ्याच गावी एक जादा सामना खेळवला आणि त्यात जादा वेळेत डायनॅमो हरलं. मिस्टर कोवाल त्यानंतर चार दिवस कुणाशी धड बोलत नव्हते. अशा माणसाच्या खांद्यावर त्याच रंगांची शाल घालायची आणि वर टाळ्या वाजवायच्या?

हे मी सांगितलं खरं, पण सांगता सांगता मीच गोंधळलो. कारण दोन हजार चारच्या हिवाळ्यात, त्यांच्या देशात निवडणुकीवरून लोक रस्त्यावर उतरले होते तेव्हा, हेच गृहस्थ दोन महिने गळ्यात नारिंगी मफलर घालून या हॉलमध्ये झाडू मारत होते. मी विचारलं होतं, मिस्टर कोवाल, तुम्ही क्लब बदलला का? त्यावर त्यांनी मला एक तास समजावून सांगितलं. राजकारणातला नारिंगी त्यांचा. फुटबॉलमधला नारिंगी समोरच्यांचा. ज्या गावाचा संघ नारिंगी, त्या गावाने मत दिलं ते निळ्याला. आणि निळा हा पुन्हा डायनॅमोचा. मी मान डोलवली. मी अठरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत, पण ते लॉजिक मला आजपर्यंत लागलेलं नाही.

तर शाल द्यायची की नाही, कुणालाच कळेना. शेवटी प्रतिमाताईंनी योग्य तेच केलं. सत्कारमूर्तींनाच मागे बोलावून विचारलं. सत्काराआधी सत्कारमूर्तींना शाल दाखवणारं आपलं पहिलंच मंडळ असेल. मिस्टर कोवाल यांनी शाल हातात घेतली, उलटसुलट केली आणि इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग म्हणाले, नारिंगी चालेल, काळा नको. रत्नाने काठ आत दुमडला. आता तुम्हाला जी दिसते आहे ती काठ दुमडलेली शाल आहे. त्यांचा मान झाला की अपमान, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. त्यांनी ती काढलेली नाही, एवढंच मी बघतो आहे.

प्रसंग इथे संपला असता. पण जाता जाता मिस्टर कोवाल रत्नाला म्हणाले, तुमच्या मिस्टरांना माझ्या फुटबॉलची सगळी माहिती आहे, त्यांनी एक अख्खा मोसम माझ्याबरोबर बघितलाय. दोन हजार दोनचा. रोज सकाळी, खाली बेसमेंटमध्ये. आणि तुमचे पराठे, मिसेस कानडे, तसे पराठे मी जन्मात खाल्ले नाहीत.

त्यांनी काही चूक केली नाही. त्यांना वाटत होतं, मी घरी सांगितलं असेल. मी सांगेन असा शब्द दिला होता त्यांना. चार वर्षांपूर्वी.

रत्ना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सकाळी?" आणि जाऊन तिसऱ्या रांगेत बसली. तेवढ्यात गुरुदत्तने माझं नाव पुकारलं. म्हणून मंडळी, मी आता त्या एका शब्दाचं उत्तर देणार आहे. हे असं सगळ्यांसमोर का, घरी का नाही, असं आपल्याला वाटेल. घरी मला चार वर्षं मिळाली होती. मी एकदाही तोंड उघडलं नाही.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या घरांनी ती दोन वर्षं पाहिली आहेत, तेव्हा टेलिकॉमचं काय झालं हे मी सांगायला नको. माझ्या हातात ग्रीन कार्ड होतं, कंपनीने काही महिन्यांचा पगार देऊन पाठवलं होतं, म्हणजे आभाळ कोसळलं नव्हतं. घरी सांगितलं असतं तर रत्ना काय म्हणाली असती? बहुतेक म्हणाली असती, बरं, बघू. पण ते मला आज कळतं. त्या दिवशी मी घरी आलो आणि तिने विचारलं, आज उशीर? आणि मी म्हणालो, मीटिंग होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरलेला होता. भरलेला डबा ओट्यावर असताना नोकरी गेली असं कसं सांगायचं? मी टाय लावला, डबा उचलला आणि सात चाळीसला बाहेर पडलो. एकदा बाहेर पडलो, मग रोजच पडत राहिलो.

लायब्ररी उघडेपर्यंत पार्किंग लॉटमध्ये बसायचं, उघडली की कॉम्प्युटरवर अर्ज पाठवायचे. दोन आठवडे असे गेले. मग संक्रांतीच्या कार्यक्रमात आपला चहाचा मोठा थर्मास इथे राहिला होता, तो आणायला मी मंगळवारी सकाळी दहाला या हॉलवर आलो. टाय लावून. मिस्टर कोवाल खाली बॉयलरच्या शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर गुडघ्यावर बसले होते आणि पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघा धावत होत्या. त्यांचा पुतण्या कीव्हहून डायनॅमोच्या सामन्यांच्या टेप्स पोस्टाने पाठवायचा आणि त्या इथल्या व्हीसीआरवर दिसायच्या नाहीत.

हा रोग ओळखायला आपल्यातल्या कुणालाही डॉक्टर लागत नाही. भारतातून आलेली लग्नाची टेप इथल्या व्हीसीआरवर अशीच दिसते. म्हणून तर त्या काळी आपल्या प्रत्येकाच्या घरी तो सगळ्या देशांच्या टेप्स चालवणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर होता, कुणी येताना आणलेला, कुणी इथे शोधून घेतलेला. मी म्हणालो, माझ्याकडे आहे, उद्या आणतो. तो आम्ही रत्नाच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची टेप बघायला घेतला होता, आणि वर्षभर कुणी लावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो इथे आणून जोडला. घरी म्हणालो, बिघडलाय, रिपेअरला दिलाय.

मग मोसम सुरू झाला. चौदा संघ, प्रत्येकाचे सव्वीस सामने. निकाल आधीच लागलेला, टेप दहा-बारा दिवसांनी यायची. मिस्टर कोवाल यांचा नियम होता की टेप बघेपर्यंत निकाल कुणी सांगायचा नाही. रविवारी शेजारच्या चर्चला येणाऱ्यांना त्यांनी तशी ताकीद दिली होती. एखादा कीव्हचं नाव काढायला लागला की ते कानावर हात ठेवून बाहेर जायचे. आम्ही दोघं आधी खुर्च्या घडी करून रचायचो, मग अकरा वाजता खाली जाऊन टेप लावायचो. कॉमेंटरी मला कळत नव्हती. ऑफसाइड त्यांनी मला मीठ-मिरपुडीच्या डब्या मांडून सात वेळा समजावली. मला क्रिकेट कळतं, तेवढ्यावर मी होतो. ज्या संघाने लागोपाठ नऊ वेळा लीग जिंकली आहे त्याची दया कशी करायची, हेही मला कळत नव्हतं. पण ते दर सामन्याला गरीब संघाचा माणूस असल्यासारखे हात चोळत बसायचे. साडेबाराला आम्ही डबा अर्धा-अर्धा खायचो. त्यांनी कधी विचारलं नाही, तू ऑफिसला का जात नाहीस. पहिल्याच दिवशी टायकडे बघून त्यांनी काय ते ओळखलं असणार.

गुरुदत्तने चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं झाली. गुरुदत्त, आज ती चिठ्ठी माझ्याकडेच राहू दे.

मे महिन्यात रत्नाच्या वडिलांची पंचाहत्तरी होती, मिरजेला. सगळे जमणार होते. रत्नाने जानेवारीपासून ठरवलं होतं, चौघांनी जायचं. तिकिटं बघायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, मला सुट्टी मिळत नाही. ती म्हणाली, एकदा मॅनेजरशी बोलून तर बघा. मी म्हणालो, बोललो. ज्ञानदा, थांबलीस का? कर भाषांतर. पूर्ण कर.

मुलांना घेऊन एकटीने कसं जायचं, म्हणून तीही गेली नाही. मिरजेहून समारंभाची टेप आली जूनच्या सुरुवातीला. व्हीसीआर रिपेअरलाच होता, अर्थात. तुला आठवत असेल रत्ना, बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, टेप पाहिली का गं, आणि तू सांगायचीस, दुकानदार आज देतो, उद्या देतो म्हणतोय. ते वाक्य तुला मी दिलं होतं. मी व्हीसीआर का परत आणला नाही? मंडळी, त्याच्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. डायनॅमो आणि शाख्तारमध्ये त्या वेळी जेमतेम गुणाचं अंतर होतं आणि तीन टेप्स यायच्या होत्या. एवढंच कारण मला सापडतं. ज्या खेळातलं मला धड कळत नव्हतं, त्या खेळासाठी. रोज कुठेतरी जायचं होतं, आणि जायला तेवढी एकच जागा होती. ती बंद पडू नये, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

शेवटच्या सामन्याचा निकाल मला आधी कळला. लायब्ररीत नोकऱ्या शोधता शोधता मी सहज तो पाहिला. डायनॅमोची लीग एका गुणाने गेली होती. नऊ वर्षांनी पहिल्यांदा. टेप यायला अजून अकरा दिवस होते. ते अकरा दिवस मी मिस्टर कोवाल यांच्याबरोबर खुर्च्या रचल्या, अर्धा डबा खाल्ला, आणि त्यांनी सगळी गणितं कागदावर मांडून दाखवली तेव्हा मी म्हणालो, हो, चान्स आहे. मग टेप आली. मी शेजारी बसून पूर्ण बघितली. ते उठायचे, बसायचे, हात चोळायचे, आणि मी समोर बघत होतो.

टेप संपली. त्यांनी ती बाहेर काढून खोक्यात ठेवली. मग माझ्याकडे वळून जे बोलले ते मी त्यांच्यासमोरच सांगतो, चुकलं तर त्यांनी मला थांबवावं. ते म्हणाले, "तुला माहीत होतं. दोन तास तू या तोंडाने माझ्या शेजारी बसलास. घरी बायकोसमोर रोज असाच बसतोस का?"

त्यांची मान हलते आहे. म्हणजे बरोबर सांगितलं.

तेव्हा माझ्या तोंडून टेपचं निघून गेलं. म्हणालो, हा व्हीसीआर घरी न्यायला हवा, तिच्या वडिलांची टेप तीन आठवडे येऊन पडली आहे. मिस्टर कोवाल यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मंडळी, या शांत माणसाला मी फक्त तेवढं एकदाच संतापलेलं बघितलं आहे. त्यांनी वायरी उपटल्या, व्हीसीआर उचलून वर नेला, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि म्हणाले, आत्ता जा. आज सांग तिला. मी म्हणालो, सांगतो. वचन दिलं.

तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. ऑफिसातला माणूस दीड वाजता घरी येत नाही. मी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये साडेपाचपर्यंत बसलो, मागे व्हीसीआर, आणि नेहमीच्या वेळेला घरी आलो. म्हणालो, रिपेअर झाला. रत्ना इतकी खूश झाली की तिने कुकर तसाच ठेवून टेप लावली. तुला आठवते ती टेप? ओवाळणं झालं, पेढे झाले, मग तुझ्या भावाने कॅमेरा बाबांसमोर धरला आणि म्हणाला, अमेरिकेतल्यांसाठी काहीतरी बोला. बाबा चष्मा सारखा करून म्हणाले, "मनोहररावांना सुट्टी मिळाली नाही. मिळायची कशी, कामाचा माणूस आहे. त्याला कुणी बोल लावू नका."

त्या वाक्यानंतर मी सांगू शकलो नाही. हे कारण म्हणून सांगत नाही, घडलं ते सांगतो आहे. ठरवलं, नोकरी लागली की सांगू. ऑक्टोबरात पिस्कॅटवेला नोकरी लागली. मग वाटलं, आता कशाला, सगळं नीट झालंय. जानेवारीत मिरजेहून फोन आला आणि बाबा गेले. तू एकटी गेलीस, तेराव्यापर्यंत राहिलीस. परत आल्यावर कित्येक दिवस तू म्हणायचीस, पंचाहत्तरीला गेले असते तर भेट झाली असती. आणि मी तुला काय म्हणायचो? म्हणायचो, सुट्टी मिळाली असती तर गेलोच असतो गं. रत्ना, मला त्या मे महिन्यात सुट्टीच सुट्टी होती. तुझी आणि बाबांची भेट नोकरीने नाही चुकवली. मी चुकवली.

मला वाटलं होतं, हे बोलून झालं की मोकळं वाटेल. तसं काही वाटत नाही. माझा अजून गोंधळच आहे. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने मला वाचवायला जे म्हटलं, त्यानेच मी अडकलो कसा, कळत नाही. आणि मिस्टर कोवाल यांनी चार वर्षं एकदाही मला विचारलं नाही, सांगितलंस का. गणपतीला, दिवाळीला, दरवर्षी ते रत्नाच्या हातचं खाऊन तिच्याकडे बघून हसायचे. तिला वाटायचं, हे जरा विचित्र गृहस्थ आहेत. ते मला सांभाळत नव्हते, ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून होते. मी शब्द पाळला असेल, असं धरून चालले होते. हे मला आज, पाऊण तासापूर्वी, स्टेजच्या मागे कळलं.

मिस्टर कोवाल, पुढच्या आठवड्यात तुम्ही मुलीकडे ओहायोला जाणार. आपल्या मंडळाच्या वतीने तुम्हाला दीर्घायुष्य चिंतितो. माझ्या स्वतःच्या वतीने एवढंच सांगतो, की दिलेला शब्द पाळायला मला चार वर्षं लागली आणि तोही मी तुमच्या निरोपाच्या समारंभात, तुमच्यासाठी ठेवलेल्या वेळात पाळला. डायनॅमो पुढच्या वर्षी जिंको. जिंकलं तर मला कळवा. मी आधी बघणार नाही.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, प्रतिमाताईंनी मला मध्येच थांबवलं नाही, गुरुदत्तने दुसरी चिठ्ठी पाठवली नाही, ज्ञानदाने शेवटपर्यंत भाषांतर केलं. शेवटी शेवटी तिचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत नव्हता, पण ओठ हलत होते. सगळ्यांचा मी आभारी आहे. मागे वडे गार होत असतील. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कार्यक्रमाचा रंग गेला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने ते पोटात घालावं, ही नम्र विनंती.

रत्ना, तू घालू नकोस. तू माझ्याशी भांड.

नमस्कार.